माशाच्या आकाराची सहाण

७ जानेवारी १९८६, मंगळवार

‘मत्स्यदेवतेची पूजापाटी’ – वस्तूखालच्या मराठी नावपट्टीवर मी हे लिहिणार नाही!

घाटकोपरच्या या महाविद्यालयाच्या संग्रहालयात प्राचीन इजिप्तच्या वस्तूंची दोन कपाटे मांडली आहेत : एक नित्य वापराचे, दुसरे धर्मविधीचे. मराठी मजकूर माझ्याकडे सोपवला आहे. धर्मविधीच्या कपाटात काळपट दगडाची, माशाच्या आकाराची एक पाटी चिकटवली आहे. माझ्या मते तिच्यावर डोळ्यांत घालण्याचा हिरवा रंग उगाळीत असत. म्हणजे ती सहाण आहे. मी चुकीचे लिहिले, तर येणारे प्रत्येक मूल तेच खरे मानील.

संग्रहालय मृणालिनीबाईंच्या हाती आहे. माझीच जुनी विद्यार्थिनी! म्हणाल्या, “सर, तुम्ही व्याकरण बघा. वस्तू मी बघते.” रविवारी उद्घाटन.

घरी सून सुलक्षणेने पुन्हा विचारले, नातीच्या गुटीसाठी देवघरातली सहाण मिळेल का. सूनबाईंना नाही म्हटले. पत्नी रत्नप्रभा गेल्यापासून तिच्या सहाणेवर मी रोज फूल वाहतो; तिच्यावर आता हळकुंड आणि जायफळ उगाळायचे? सुलक्षणा नातीला घेऊन खालच्या मजल्यावर राधाकाकूंकडे गुटी उगाळायला गेली.

९ जानेवारी

मृणालिनीबाईंना विचारले : कुयरी आंब्याच्या आकाराची असते, म्हणून ती काय आंब्याच्या पूजेची? त्या हसल्या. “कुयरीत हळदीकुंकूच असतं ना, सर? तेही पूजेचंच!”

उदाहरण चुकले. मान्य.

१० जानेवारी

जेवताना जयवंताला सारे सांगितले. चिरंजीव म्हणाले, “नाना, पाच हजार वर्षं तो मासा गप्प होता. तुम्ही त्याला कोर्टात उभा केलात!”

पाटीच्या मधोमध खळगा आहे. बाई म्हणतात, नैवेद्याची वाटी टेकवण्यासाठी तो मुद्दाम कोरला. मग खालची बाजू सपाटच हवी. ती कोणी पाहिलेलीच नाही!

११ जानेवारी

जिंकलो!

बाईंना एवढीच विनंती केली – पाटी एकदा उलटून दाखवा. कुरकुरत त्यांनी डिंक ओला केला, पातळ पात्याने पाटी सोडवली आणि उलटी धरली. खालीही खळगा! तितकाच गुळगुळीत, थोडा एका कडेला सरकलेला, आणि चरांत हिरवा कण. एक बाजू झिजली म्हणून त्या काळच्या कोणा बाईने दगड उलटला आणि दुसरी बाजू वापरायला घेतली. पूजेची वस्तू कोणी अशी उलटीपालटी करून झिजवीत नाही.

मृणालिनीबाई बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, पट्टी तुम्हीच लिहा. मासा मी नित्य वापराच्या कपाटात नेते.”

लिहिले : ‘सहाण. नित्य वापरातील. दोन्ही बाजूंनी झिजलेली.’ यात एक अक्षर कमी करता येणार नाही, एक वाढवताही येणार नाही.

१२ जानेवारी, रविवार

उद्घाटन उत्तम. एक आजी काचेला नाक लावून लेकीला म्हणाल्या, “अगं, ही तर आपली सहाण!” पट्टी त्यांनी वाचलीही नव्हती. मी कोपऱ्यात ताठ उभा होतो.

१३ जानेवारी

पहाटे देवघरातल्या सहाणेवरचे फूल उचलले. रत्नप्रभेच्या हाताचा खळगा अंगठ्याने चाचपला. मग सहाण उलटली – ही बाजू कोरी आहे.

तीच वर करून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि सूनबाईंना हाक मारली.