राजा पडला तिथून पुढे

बुकित पंजांग,
१९ ऑक्टोबर

ती. प्रबोधकाका,

तर राजा पडला. तुमच्या मरीन परेडच्या नव्या कॉन्डोच्या वास्तुशांतीला तुम्ही मला तिथेच थांबवलं होतं, म्हणून तिथूनच सुरू करते. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा आता दुखत नाही. अरुणाकाकूंचं श्रीखंड मस्त होतं, त्यांना सांगा.

बाबा म्हणाले, पत्राच्या वरती 'सा. न. वि. वि.' लिही. मी फुल फॉर्म विचारला. साष्टांग नमस्काराने सुरुवात होते म्हणे. मग नाही लिहिलं.

रोलोबद्दल सांगायला तुम्हीच लावलंत, हे विसरू नका. "हिस्टरी घेऊन काय दिवे लावणार?" असं तुमच्या सगळ्या ऑफिसवाल्यांसमोर विचारलंत. मला तर तेवढंच पाहिजे होतं. रोलो म्हणजे व्हायकिंग, होड्या घेऊन फ्रान्समध्ये लुटालूट करणारा. एवढा धिप्पाड की घोड्याला झेपायचा नाही, म्हणून चालतच फिरायचा. शेवटी तिथला राजा वैतागून म्हणाला, लुटू नकोस, ही जमीन घे आणि सांभाळ. तेच नॉर्मंडी. त्याच्याच वंशातल्या विल्यमने पुढे इंग्लंड जिंकलं. कसलं भारी आहे!

बदल्यात फक्त राजाच्या पायाचा किस घ्यायचा होता. रोलो म्हणाला, मी नाही वाकणार. त्याने आपल्या एका माणसाला पुढे केलं. तो माणूसही वाकला नाही. त्याने उभ्याउभ्याच राजाचा पाय तोंडापर्यंत उचलला आणि राजा उताणा. शंभरेक वर्षांनी कोणीतरी लिहून ठेवलेली गोष्ट आहे, खरी नसेलही. हे पण मी सांगणार होते.

सगळे हसले. तुम्हाला वाटलं, तुम्हालाच हसले. तोपर्यंत तुम्ही माझ्या डोक्यातही नव्हतात, काका.

तुम्ही सोफ्यावरूनच पाय पुढे केलात. "तुझ्या बापाला सिंगापूरला मी आणलं. सकाळपासून तू मला नमस्कार केलेला नाहीस. चल, वाक."

मी प्लेट धरून उभी राहिले.

पुढचं खरं तर मला लिहायचंच नव्हतं. बाबांनी त्यांची प्लेट खाली ठेवली, म्हणाले, "दादा, तिच्या वतीने मी करतो," आणि वाकले. सकाळी पूजेनंतर ते वाकले तेव्हा तुम्ही त्यांना खांद्याला धरून अर्ध्यातच थांबवलं होतंत. "अरे, असू दे, असू दे." आपल्याकडे सगळेच तसं धरतात. दुपारी तुम्ही धरलं नाहीत. त्यांचं डोकं पार तुमच्या बोटांपर्यंत गेलं, आणि तुम्ही माझ्याकडे बघत "सुखी राहा" म्हणालात.

घरी येताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये बाबा एकच बोलले, वहिनींनी पडदे छान घेतलेत.

आता तुमचा मेसेज आलाय. क्षिप्राने मराठीत, स्वतःच्या हाताने माफी लिहून पाठवावी, मग पासचं बघू. बाबांचा इथे नोकरी करायचा पास संपत आलाय, ते तुमच्याच कंपनीत आहेत, तुम्ही हो म्हणाल्याशिवाय रिन्यू होणार नाही. नाही झाला तर आम्हाला इथून जावं लागेल. मला सगळं कळतं. म्हणूनच लिहायला बसले.

सॉरी मला एकाच गोष्टीचं आहे. माझ्या जागी बाबा वाकले आणि मी बघत राहिले. ते मी त्यांना सांगितलं. तुमच्यासाठी माझ्याकडे काही उरलं नाही.

बाबांची मुलगी,
क्षिप्रा

ता. क. बाबांनी हे वाचलं. मला वाटलं फाडतील. एक शब्द खोडला नाही. पाकिटावरचा पत्ता त्यांच्याच अक्षरात आहे, बघा. आता तुम्हाला काय वाटतं ते कळवा. पुढच्या वेळी ते तुमच्यासमोर वाकले, तर मी त्यांचा खांदा धरू की तुमचा पाय उचलू?