छप्पन्न कड्या

नांदेड, ४ जानेवारी २०२५

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्रच. बाबांनी हैदराबादहून आणलेली माझी लेडीज सायकल पुसून काढली, टायर नवे घातले. रोज सकाळी गोदावरीच्या घाटापर्यंत जायचा बेत आहे, हसू नकोस. अडलंय चेनपाशी. जुनी गंजून तुटली, निम्मी हरवली. इथला दुकानदार म्हणतो, कड्या किती ते सांगा, तेवढी कापून देतो. लातुरात चाळीस वर्षं सायकलचं दुकान चालवलेला भाऊ असताना मी दुसऱ्या कुणाला विचारू?

तुझी नात अक्षरा सांगत होती, हाताला कंप सुटल्यापासून तू पान्याला शिवत नाहीस, ओट्यावरही येऊन बसत नाहीस. याच हातांनी कॅरिअर धरून मला शिकवलंस, आणि न सांगता सोडलंस. मी थेट कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सच्या गुलाबांत! ते विसरले नाही.

लोभ आहेच, तो उत्तरातून दिसू दे.

तुझी,
नंदा


लातूर, ११ जानेवारी

चि. नंदास अनेक आशीर्वाद.

मी सांगून राहिलो, अक्षरा लिहून राहिली. छप्पन्न. मागचं चाक फ्रेमच्या खाचेच्या मधोमध ठेवायला सांग. पुढं चेन सैल झाली तर मागं सरकवायला जागा राहते. चेन बोटभर खालीवर हलली पाहिजे, लई ताणली तर पायडल जड जातं. बाकी मला विचारू नको. चहाचा कप धरवत न्हाई, पाना काय धरू? दुकान संपलं तसा कारागीरही संपला.

जपून चालव. लोभ असावा.

अण्णा

ता. क. आत्याआजी, छप्पन्न म्हणायच्या आधी आजोबांनी डोळे मिटून हवेतच बोटांनी चेन फिरवून बघितली. – अक्षरा


नांदेड, १९ जानेवारी

ती. अण्णास, शि. सा. न.

दुकानदाराने छप्पन्न कड्या कापल्या, मी दोनदा मोजून घेतल्या. कॉन्व्हेंटात गणितात पहिली येणारी बाई मी! घरी चढवली, तर पुढच्या चक्रावरून निघालेली चेन मागच्या फ्रीव्हीलपर्यंत जेमतेम पोचली. परत यायला उरलीच नाही. शेजारची लुंबिनी विचारते, काकू, ही सायकल नुसती जाणारच का, यायची नाही?

दुकानदार म्हणाला, तुमच्या भावाचं गणित कच्चं दिसतं. मी ठणकावलं, माझा भाऊ चेनीत चुकत नाही. आता माझी लाज राख. पैसे अख्ख्या चेनचे घेतले म्हणून कापून उरलेला तुकडाही त्याने दिला, तो चहाच्या डब्यात जपून ठेवलाय.

रागावलास तरी चालेल, पण लिही.

नंदा


लातूर, २४ जानेवारी

चि. नंदास अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. तुझं पत्र वाचून इतका हसलो की अक्षरा स्वयंपाकघरातून पळत आली. अगं, दोन कड्यांचा एक इंच. दुकानात आम्ही चेन इंचातच सांगायचो. छप्पन्न म्हणजे छप्पन्न जोड्या, एकशे बारा कड्या! सांगायचं राहिलं ते माझं. चूक माझी, तवा जोडायलाही मीच येतो. डब्यातला तुकडा सांभाळ.

चेनीची पिन काढायचं हत्यार माळ्यावरून उतरवून तेल दिलं. पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं निघतो. पिन बसवताना हात कापेल, तवा चेन तू घट्ट धर.

कॅरिअर मात्र मला अजून धरता येतं. या वेळी सांगितल्याबिगर सोडणार न्हाई.

तुझा,
अण्णा