समोरच्या बाईंचं भांडं

३ मार्च

पोहोचले बाई एकदाची. विमानात बसून बसून पाय मुसळासारखे झाले, पण नातीला मांडीवर घेतलं आणि सगळा शीण गेला. अजून धड बसता येत नाही तिला, पण बघते अशी रोखून, जणू माझी सासूच परत आली. नाव ठेवलंय भलं लांबलचक, हाक मारताना जिभेला गाठ पडेल. मी चिंगी म्हटलं, ती हसली. ठरलं मग.

लेकाने हा फोन हातात दिलाय. म्हणे, आई, दिवसभराचं काय ते तू बोल, तो लिहून घेतो, तारीखही तोच टाकतो. गावाकडे बहिणीची नात तिला वाचून दाखवील. मी पडले अंगठाबहाद्दर. बोलले की काचेवर काळ्या मुंग्या धावतात, एवढंच दिसतं. माझी बदनामी लिहीत असला तरी मला कळायचं नाही.

घर छोटं पण नीटनेटकं. दारासमोर दार, मधे अरुंद बोळ. तिथला दिवा माणूस आलं की आपोआप लागतो, गेलं की विझतो. आमच्या घरातल्या माणसांना एवढी शिस्त असती तर!

५ मार्च

समोरच्या बाई आल्या. माझ्याच वयाच्या असतील, पण पाठ ताठ आणि दात सगळे स्वतःचे. हेवा वाटला जरा. हातात झाकणाचं पांढरं वाडगं, आत गरम, दाटसर, गोड काहीतरी. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना. सूनबाई मधे बसून इकडचं तिकडे सांगत होती. बाई एकट्याच राहतात, मूलबाळ नाही. चिंगीला पाहिलं आणि त्यांचे हात आपसूक पुढे आले.

वाडगं परत देताना मी त्यात साखर घातली. बाई गोंधळल्या. मी सूनबाईकरवी सांगितलं की आमच्यात आलेलं भांडं रिकामं परत देत नाहीत. कधीच नाही? त्यांनी विचारलं. म्हटलं, कधीच नाही. मग काय घालता? मी हसत म्हटलं, मावेल ते. हे त्यांनी सूनबाईकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. शिकायची एवढी हौस असलेली बाई मी पाहिली नाही.

९ मार्च

वाडगं पुन्हा आलं. या वेळी जरा मोठं. पहिला घास घेतला आणि चमचा हातातच राहिला. माझ्या आईच्या हातची चव. खाली थोडं लागलेलं, वर गूळ सांडल्यासारखं गोड. आईला जाऊन जन्म लोटला, तिची चव या बाईंना कुणी सांगितली? लेकाला त्यात माझ्या हातची चव लागली. म्हटलं, मग माझ्या ताटावर एवढ्या मिटक्या मारत नाहीस कधी! सूनबाईला तिच्या आईच्या हातची लागली. वाडगं मात्र एकच होतं.

परत घालायला घरात काही नव्हतं. चिंगीचं टोपडं तिला लहान झालेलं, मीच गावाहून विणून पाठवलेलं. लहान झालेले कपडे कुणाला तरी द्यायचेच असतात. धुऊन, घडी करून वाडग्यात ठेवलं. बाईंनी ते नाकाशी धरलं आणि बराच वेळ खाली घेतलंच नाही.

१४ मार्च

आता वाडगं रोज येतं. सूनबाई कामावरून आली की पर्सही खांद्यावरून न काढता खायला बसते. आज चिंगी रडत होती. सूनबाईने खाता खाता मला विचारलं, खालच्या मजल्यावर कुणाला बाळ झालंय का? म्हटलं, पुरे झाली थट्टा. पण ती हसली नाही. पाळण्याकडे असं पाहिलं, जसं कुणी आपली पिशवी विसरून गेलंय. मग दचकली, चिंगीला उचललं, खूप रडली. म्हणाली, कामाचा ताण.

ताणाने माणूस चावी विसरतं. पोर विसरतं का?

१७ मार्च

मी ते खाणं सोडलं. या दोघांना सोडा म्हणते, तर लेक माझ्यावरच चिडला. परक्या मुलखात असा शेजार कुणाला मिळतो, म्हणे. तू ना आई, चांगल्याला चांगलं म्हणणार नाहीस.

दुपारी त्याने ओले कपडे पाळण्यावर वाळत टाकले. चिंगी आत होती. मी ओरडले तेव्हा म्हणाला, मला दिसलीच नाही.

आणि मी — सकाळी तिला हाक मारायला गेले आणि नाव येईना. मी ठेवलेलं नाव, मला येईना. चिंगी. चिंगी. चिंगी. घे लिहून.

१९ मार्च

आज मोठं भांडं आलं. दोन कानांचं, झाकणाला भोकं. आत काही नाही. नुसतं तळाशी मऊ कापड आणि एका टोकाला टोपडं. हात घातला तर ऊब होती.

मी त्यात पीठ भरलं, बटाटे भरले, कांदे भरले, त्यांच्या दाराशी नेऊन ठेवलं. थोड्या वेळाने आमच्या दारात परत. घासूनपुसून, रिकामं. पीठ, बटाटे, कांदे शेजारी नीट मांडलेले. बाई उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. हसल्या. बोटाने भांडं दाखवलं, मग आत पाळणा.

मीच शिकवलं त्यांना. मावेल ते.

२० मार्च

कडी लावलीय. चिंगीला पदराने पोटाशी बांधलंय. दाराच्या फटीतून बोळातला दिवा दिसतो. माणूस असलं तरच लागतो तो. सकाळपासून विझला नाही.

लेकाला कामावर फोन केला. लवकर ये, चिंगीला घेऊन कुठेतरी जाऊ. तो म्हणाला, कोण चिंगी?

२१ मार्च

लेकानेच दार उघडलं. पाहुण्या आल्यात म्हणाला, हसून बोल. त्या समोर बसल्या — चमचा माझ्या ओठांशी — मी दात आवळून — लेक म्हणतो, आई, अपमान होतोय त्यांचा — सूनबाई पाठीवरून हात फिरवते, घ्या ना, एकच घास — पोर पोटाशी वळवळतेय — ओठाला लागलं नुसतं — आई — तेच गं, तळाला लागलेलं — आईच्या हातचं — एकच —

२३ मार्च

गाढ झोप लागली. घर कसं शांत आहे.

बाईंचं भांडं परत केलं. भरूनच हो, माझा शिरस्ता मोडायचा नाही. काय भरलं ते आठवत नाही. एक कान सूनबाईने धरला, एक मी. जड होतं, आतून हलत होतं. बाई आनंदाने रडल्याच.

एक कळत नाही. या घरात मूल नाही, मग पाळणा कशाला? लेकालाही सांगता येईना. माझ्या पदराला पोटाशी गाठ आहे. आत काही नाही. पदराला दुधाचा वास — 

या फोनमध्ये रोज काय बोलून ठेवलंय मी? नुसत्या मुंग्या. वाचता आलं असतं तर —

समोर बाळ रडतंय. बाईंना तर मूल नव्हतं.

रडणं ओळखीचं — हे रडणं मी — थांब गं, थांब, आले — दार — अगं माझी चिं—