गल्ल्यावर बसलेले सेठजी

भोपाळ, ६ नोव्हेंबर २०२४

चि. शमिका हिस,
अनेक आशीर्वाद. हे सवयीने लिहिलं. मनात आज फक्त राग आहे.

तुझं चित्र पोचलं. पंचवीसच प्रती छापल्यास, पुण्याच्या प्रदर्शनात विकायच्या आहेत, आणि पहिली प्रत आत्याला, हे वाचून मी हुरळले. शेजारच्या श्रुतीला बोलावून दाखवलं. तिने कौतुकाने बघून विचारलं, की गल्ल्यावर बसलेले हे सेठजी कोण? मी चष्मा लावला. तुझे बाबा! जवाहर चौकातल्या आपल्या 'विमल उपाहारगृहा'च्या गल्ल्यावर भालचंद्र?

तुझ्या आजोबांना, अण्णांना, अर्धांगवायू झाला आणि महिन्याभरात भालचंद्र नोकरीसाठी पुण्याला गेला. तेव्हापासून इमारत पाडेपर्यंत त्या खुर्चीवर मी बसले. नागपूरहून आलेल्या कारकुनांची पोरं माझ्यासमोर मोठी झाली. चार इमलीतल्या सरकारी बंगल्यांतले साहेब गाडी पाठवून तर्री-पोहे मागवायचे. पिऊन आलेल्यांना मी एकटीने दाराबाहेर काढलंय. माझं लग्न राहिलं ते त्या खुर्चीपायी. आणि चित्रात कोण, तर आयत्या बिळावर नागोबा!

प्रत वेगळ्या पार्सलने परत पाठवते आहे. असलं खोटं माझ्या भिंतीवर नको.

लोभ आहे, पण सध्या मागू नकोस.
कमलआत्या


पुणे, १३ नोव्हेंबर २०२४

ती. कमलआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले. तुझे फोन आले, पण उचलायचं धाडस झालं नाही. आत्या, मी हॉटेल पाहिलं ते अगदी लहानपणी. चित्र काढलं ते बाबांच्या अल्बममधल्या फोटोंवरून, आणि सगळ्या फोटोंत गल्ल्यावर बाबाच आहेत.

बाबांना जाब विचारला तेव्हा उलगडा झाला. फोटोग्राफर यायचा तो फक्त लक्ष्मीपूजनाला. गल्ल्याची पूजा मुलाच्याच हातून व्हावी म्हणून आजी तुला खुर्चीवरून उठवायची आणि दिवाळीला आलेल्या बाबांना बसवायची. तू तेव्हा आत प्रसादाचं बघायचीस. बाबा म्हणतात, रीतच तशी होती, त्यात त्यांचा काय दोष. आमचं कडाक्याचं भांडण झालं. बोलणं बंद आहे.

मला जमलं ते मी केलंय. जस्ताच्या ज्या पत्र्यावर चित्र कोरून प्रती छापल्या होत्या, त्यावर आरपार ओरखडे काढले. आता त्यातून चित्र निघणार नाही. छापलेल्या प्रती फाडून टाकल्या. प्रदर्शनवाल्यांना नाही म्हणून कळवलं. ते खोटं आता कुणाच्याच भिंतीवर जाणार नाही.

राग ओसरला की लोभाचं बघ.
तुझी,
शमिका


भोपाळ, २० नोव्हेंबर २०२४

चि. शमिका,
आशीर्वाद.

मूर्ख पोरी, फाडायला कुणी सांगितलं होतं तुला? माझा राग खुर्चीवरच्या माणसावर होता, हॉटेलवर नव्हता! संगमरवरी टेबलं, शेवेच्या बरण्या, गोविंद आचाऱ्याने भिंतीला टेकवून ठेवलेला मोठा झारा, सगळं बरोबर काढलं होतंस. पार्सल बांधण्याआधी मी संध्याकाळभर भिंग घेऊन बघत बसले होते. इमारत राहिली नाही. अल्बम तुझ्या बाबांनी नेले. माझ्याजवळ हॉटेलचं काही म्हणजे काही नाही.

भालचंद्राला सांग, रीत आईची होती, कबूल. पण दर दिवाळीला बहिणीला उठवून त्या खुर्चीत बसताना त्याला एकदाही अवघडलं नाही, ते त्याचं स्वतःचं. हे मी विसरणार नाही. तू मात्र त्याच्याशी बोलणं टाकू नकोस, ते भांडण माझं आहे.

आता नीट वाच. पार्सलं उशिराच पोचतात, तेव्हा मी परत पाठवलेली प्रत तू पत्र टाकल्यानंतर आली असेल, असं मनाला समजावते आहे. झोप लागत नाही. आली असेल तर तिला हात लावू नकोस. आहे तशी, भालचंद्रासकट, पाठवून दे.

लोभ होता, आहे. फोन उचल.
कमलआत्या