दहा मिनिटांची घंटा

अकोला, रविवार, ता. २९ नोव्हेंबर १९५९

ती. सौ. कुंदाताईस,

उद्धवचा साष्टांग नमस्कार. इकडे सारे खुशाल. तुझा गुडघा, भाऊजींचा खोकला आणि अमरावतीची थंडी, तिघांचंही वर्तमान सवडीने कळव. तुझी भावजय चारुशीला स्वयंपाकघरातून नमस्कार सांगते आहे, आणि पत्र थोडक्यात आवरा असंही सांगते आहे. पहिलं कळवलं, दुसरं जमणार नाही.

शाळा सांभाळून मी एम. एड.चा प्रबंध लिहितो आहे हे तुला ठाऊक आहेच. विषय असा की, मनगटी घड्याळ वापरणाऱ्या माणसाचं स्वतःचं कालज्ञान कमी होतं काय? तो सुचला शेजारच्या पंजाबराव वकिलांमुळे. ते पाच मिनिटांत तीनदा मनगट बघतात, आणि किती वाजले असं विचारलं तर उत्तर द्यायला चौथ्यांदा बघतात. पद्धत सोपी आहे. दहा माणसं घड्याळवाली, दहा बिनघड्याळाची. एकेकाला आमच्या मागच्या खोलीत बसवायचं, मनगट मोकळं, खिडकी बंद, हातात देवघरातली घंटा. 'दहा मिनिटं झालीशी वाटली की वाजवा' एवढंच, आणि सगळ्यांना त्याच शब्दांत सांगायचं. आपण दाराबाहेर स्टॉपवॉच घेऊन मुकाट बसायचं. (स्टॉपवॉच आमचे ड्रिलमास्तर देवीदासजी यांचं. शर्यतीत पोरं धावतात तेव्हा ते चालतं, माझ्याकडे माणसं बसतात तेव्हा चालतं, म्हणून त्यांना या शास्त्राविषयी शंका आहे.) ज्याच्यावर प्रयोग करतात त्याला आमच्यात प्रयोज्य म्हणतात. चारुशीलाचं म्हणणं, गेला महिनाभर या घरात प्रयोज्य ती एकटीच आहे, कारण रोज पूजेला घंटा माझ्याकडे मागावी लागते.

पंजाबरावांनी चौथ्या मिनिटालाच घंटा बडवली आणि बाहेर येऊन माझ्या स्टॉपवॉचची उलटतपासणी घेतली. त्यांच्या मते ते मंद चालतं. भाजीवाल्या तानुबाई बिनघड्याळाच्या गटात होत्या. बाहेरच्या आवाजावरून वेळ कळू नये म्हणून मी प्रयोज्याच्या कानांत कापूस घालतो (अकोल्यात शास्त्राला कापसाची ददात नाही). तो मी सूचना देण्याआधीच घातला, त्यामुळे बाई पाव तास नुसत्या बसून राहिल्या आणि मग दार उघडून म्हणाल्या, "मास्तर, सुरू कराचं कधी?" दुसऱ्या खेपेला मात्र त्यांनी साडेनऊ मिनिटांवर घंटा वाजवली. वीस जणांत इतकं जवळ कुणी आलं नाही. कसं कळलं असं विचारलं तर म्हणाल्या, "मनातल्या मनात भाकरी टाकल्या. तुमच्या दहा मिन्टांत माह्या पाच भाकरी होतेत." मी हे 'अंतर्निरीक्षण' या सदरात लिहून मार्गदर्शकांकडे पाठवलं. त्यांनी समासात प्रश्न केला आहे: भाकरीचा आकार?

आता बाबांचं. घड्याळवाल्यांत एक माणूस कमी पडत होता. बाबा आपणहून म्हणाले, मी बसतो. निवृत्तीच्या वेळी शाळेने दिलेलं घड्याळ त्यांनी सोडून माझ्या हाती दिलं, धुतलेलं धोतर नेसले, कोट चढवला आणि उत्तीर्ण व्हायला किती मार्क लागतात ते विचारलं. मी सूचना वाचली. (बापालाही त्याच शब्दांत वाचावी लागते, नाहीतर प्रयोग बिघडतो.) दार ओढून घेतलं आणि बाहेर पाटावर बसलो.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. मी खूश झालो, कारण माझं गृहीतक सिद्ध होत होतं. वीस झाली तेव्हा खूश राहणं जरा कठीण गेलं. देवीदासजींच्या स्टॉपवॉचचा छोटा काटा तिसाच्या पुढे जात नाही, पुन्हा शून्यावर येतो; तो आला. चारुशीला पदराला हात पुसत येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, आत एक्काहत्तर वर्षांचा माणूस आहे, जरा बघा तरी. मी तिला सांगितलं की प्रयोगकर्त्याने मधे दार उघडायचं नसतं. बेचाळिसाव्या मिनिटाला मी दार ढकललं.

बाबा ताठ बसले होते. घंटा मांडीवर, आणि तिचा लोलक त्यांनी दोन बोटांत घट्ट धरून ठेवला होता.

मी त्यांच्या कानांतला कापूस काढला आणि म्हटलं, "बाबा, दहा मिनिटं कळली नाहीत?"

"कळली की. केव्हाच झाली. पण वाजवली असती तर तू वही उचलून गेला असतास. दाराच्या फटीतून तुझं पाऊल दिसत होतं. म्हटलं, बसलाय माझ्यासाठी, तर बसू दे."

आई गेल्यावर आपण त्यांना इथे आणलं त्याला चार वर्षं झाली. या चार वर्षांत मी त्यांच्याशी रोज किती मिनिटं बोललो हे कुणी मोजून ठेवलेलं नाही, ते बरंच आहे. मी वही मिटली आणि त्यांच्याजवळ सतरंजीवर बसलो. मग ते बोलत गेले. माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेला, ट्रेझरीत काम आहे असं घरी सांगून, ते रोज तीन तास शाळेसमोरच्या निंबाखाली उभे असायचे म्हणे. तुला हे माहीत होतं का? मला नव्हतं. चारुशीलाने पानं वाढून तीनदा हाक मारली तेव्हा उठलो.

मार्गदर्शक म्हणतील, या प्रयोज्याने सूचना पाळली नाही, आकडा गाळा. गाळतो. प्रबंध एकोणीस माणसांचा होईल.

लोभ आहेच, वाढला तरी चालेल.

तुझा धाकटा भाऊ,
उद्धव

ता. क. खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो. प्रबंध होईपर्यंत सहा महिने बाबांना अमरावतीस न्यावं, घर लहान पडतं, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते पत्र आलंच नाही असं समज. भाऊजी निघाले असतील तर त्यांनी दोन दिवस राहावं, तानुबाईंची वांगी खावीत आणि एकट्यानेच परत जावं.

आणखी ता. क. चि. सौ. कुंदास गोपाळकृष्ण याचे अनेक आशीर्वाद. हे पत्र पोस्टात टाकण्यास उद्धवने माझ्याजवळ दिले. मास्तर म्हणून उद्धव बरा आहे, शास्त्रज्ञ कच्चा. समोरचा सांगेल ते खरे मानतो. मला त्या खोलीत डुलकी लागली होती. असो. हल्ली तो रोज सकाळी दहा मिनिटे माझ्याजवळ बसतो, आज पस्तीस झाली. जावईबापूंना रजा काढू देऊ नकोस. ते मागचे पत्र तुला मिळालेले नाही, कारण तेही टाकावयास माझ्याकडेच दिले होते. कोटाच्या आतल्या खिशात आहे. यातले काही त्याला कळवू नकोस. मुलगा फार चांगला आहे, फक्त पाकीट नीट चिकटवत नाही.