शेळगावची ओळ

बुधवार, संध्याकाळ. बारामती.

राउटरमधली ती ओळ अजून तशीच आहे. कुठल्या गावांचं नेट आमच्याकडून जातं, हे आमचा राउटर वरच्या मोठ्या कंपनीला सांगतो. काय सांगायचं ते मी ठरवते. म्हणजे, ठरवायचे. मालक आबांचे मेहुणे शेळगावात नेट देतात. त्यांची लाइन तुटली तेव्हा आबा म्हणाले, "शबाना, चार दिस त्यांचं आपल्यातनं जाऊ दे." मी राउटरमध्ये शेळगावची ओळ टाकली. मेहुण्यांनी लाइन पुन्हा जोडलीच नाही. कशाला जोडतील?

आज मोठ्या कंपनीचा फोन. दुसऱ्याचं नेटवर्क तुमच्यातून दाखवताय, उद्यापर्यंत काढा, नाहीतर तुमचीच लाइन बंद. आबांना सांगितलं. "सोयऱ्याचं हाय पोरी, काढायचं न्हाय. आन् आपलं बी बंद पडाया नगं."

मग मी करू काय? स्क्रीनवर ती ओळ उघडून बसले होते, पुसायला हात होईना. तेवढ्यात शेळगावहून अम्मीचा व्हिडिओ कॉल; तिच्या घरी मेहुण्यांचंच नेट. "आता कशी समोर बसल्यावानी दिसतीस! आदी नुसता तुटका आवाज यायचा."

म्हटलं, "डोळे भरून बघून घे, अम्मी."