बांगडीतली पिन

माय, राजस्थानातून तुला अन् अण्णांना सृष्टीचा नमस्कार.

इथल्या जुन्या खाणीखाली आणखी खोल चांदी हाय का, ते आमी वरूनच शोधायलोय. आपल्या पेडगावात पाणी शोधायला पाणाड्या नारळ घेऊन फिरतो, तशी मी चांदीसंगं जमिनीत असणाऱ्या खनिजांचं चुंबकत्व मोजायचं यंत्र घेऊन माळावर फिरायले.

मागल्या आठवड्यात पहिल्याच दिवशी जाईन तिथं आकडे उसळले. साहेब तर बोअर पाडायलाच निघाले! मग कळलं, सगळी करामत तुझ्या पिनेची. वेळवखताला असू दे म्हणून तूच बांगडीत अडकवलीस ना? लोखंड जवळ असलं की यंत्र चळतं. घड्याळ, मोबाईल काढले होते, पिन ध्यानातच न्हाई! सगळे लय हसले.

जेवण बरं हाय. अण्णांचा खोकला थांबला का?

आता यंत्र धरताना पिन तंबूत ठेवते, परतले की चहाच्या आधी तीच अडकवते. मधल्या वेळात हा माळ लय मोठा वाटतो.

तुझी पिनवाली,
सृष्टी